किरणोत्सारी पदार्थांची सुरक्षित वाहतूक: नियम आणि त्यांतील बदल

किरणोत्सारी पदार्थ एका ठिकाणाहून दुसरीकडे नेताना माणसांना, मालमत्तेला आणि पर्यावरणाला इजा होऊ नये यासाठी केलेल्या तांत्रिक व कायदेशीर नियमांची ही व्यवस्था आहे. या मालाची ने-आण म्हटली की बहुतेकांना अणुइंधनच आठवते. प्रत्यक्षात तो या वाहतुकीचा लहानसा भाग आहे. जगात वर्षाला अशी सुमारे दोन कोटी पार्सले जातात, असा अंदाज नेहमी दिला जातो. त्यांतली बहुतेक रुग्णालये, कारखाने आणि संशोधनसंस्था यांच्यासाठी असतात: निदानासाठीचे टेक्नेशियम, थायरॉइडवरील उपचारांसाठीचे आयोडीन-१३१, वेल्डिंगचे सांधे तपासण्यासाठीचे इरिडियम-१९२, वैद्यकीय साहित्य निर्जंतुक करण्यासाठीचे कोबाल्ट-६०.

संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेने १९५९ मध्ये या वाहतुकीचे नियम ठरवण्याचे काम आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेकडे, म्हणजे आयएईएकडे, सोपवले. संस्थेची पहिली नियमावली १९६१ मध्ये निघाली. पुढे १९६४, १९६७, १९७३, १९८५, १९९६, २००५, २००९, २०१२ आणि २०१८ या साली तिच्या सुधारित आवृत्त्या आल्या. २०१२ पासून ती एसएसआर-६ या नावाने ओळखली जाते.

या नियमावलीचा गाभा एका तत्त्वात आहे: सुरक्षितता पॅकेजमध्येच असली पाहिजे. चालकाचे कौशल्य, रस्त्याची अवस्था, गोदामातल्या हमालाची सावधगिरी यांवर ती अवलंबून ठेवायची नाही. ट्रक उलटणारच, पेटी हातातून पडणारच, असे गृहीत धरून पेटी बनवायची. आतला माल जितका घातक, तितकी पेटी दणकट. साठ वर्षांत आकडे, चाचण्या, कागदपत्रे सगळे बदलत गेले, हे तत्त्व मात्र तसेच राहिले. ते तसेच राहिले म्हणूनच बाकीचे बदल पेलता आले.

कोणता माल किती घातक, हे ठरते ए-१ आणि ए-२ या मूल्यांवरून. धातूच्या कुपीत पक्का बंद केलेला, सांडू किंवा उडू न शकणारा पदार्थ असेल तर ए-१ लागू होते. पूड, द्रव, वायू अशा रूपांना ए-२. ही मूल्ये टेराबेकरेलमध्ये देतात. बेकरेल हे सक्रियतेचे, म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या अणुविघटनांचे, एकक आहे. कोबाल्ट-६० साठी दोन्ही मूल्ये ०.४ टेराबेकरेल आहेत. सीझियम-१३७ साठी ए-१ दोन टेराबेकरेल, तर ए-२ फक्त ०.६, कारण सीझियम सांडले तर ते त्वचेवर बसून तिला इजा करू शकते. ही मूल्ये काढण्याची आजची रीत १९८५ च्या आवृत्तीत आली. अपघातात फुटलेल्या पेटीपासून मीटरभर अंतरावर कोणी अर्धा तास थांबले, तर त्याला ५० मिलिसीव्हर्टपेक्षा (सीव्हर्ट हे शरीराला मिळालेल्या किरणमात्रेचे एकक) जास्त किरणमात्रा मिळू नये, असा हिशेब त्यामागे आहे. बाहेरून येणारे गॅमा व बीटा किरण, श्वासातून जाणारी धूळ, त्वचेवर बसलेला पदार्थ अशा प्रत्येक वाटेचा हिशेब वेगळा मांडतात आणि सर्वांत कडक निघेल तो आकडा धरतात.

या मूल्यांच्या मर्यादेतला माल ए-प्रकारच्या पेटीत जातो. हाताळणीतले नेहमीचे धक्के तिने सोसायचे असतात: तासभर पावसासारखा फवारा, साधारणतः १.२ मीटरवरून पडणे, स्वतःच्या पाचपट वजनाखाली २४ तास राहणे, मीटरभर उंचीवरून सोडलेल्या सहा किलोच्या दांड्याचा आघात. याहून अत्यल्प मालासाठी सवलतीची पॅकेजे आहेत आणि खनिजे किंवा हलके दूषित साहित्य यांसाठी औद्योगिक पॅकेजे.

मर्यादेपलीकडच्या मालाला बी-प्रकारचे पात्र लागते, आणि खरी कसोटी इथेच आहे. पात्र नऊ मीटरवरून न दबणाऱ्या पृष्ठभागावर टाकतात. मग ते मीटरभर उंचीवरून १५ सेंटिमीटर व्यासाच्या पोलादी दांड्यावर आदळवतात. त्याच आपटलेल्या पात्राला पुढे ८०० अंश सेल्सिअसच्या आगीत अर्धा तास ठेवतात. तीन चाचण्यांसाठी तीन नवी पात्रे वापरता येत नाहीत. आधीच्या आघातांनी कमजोर झालेल्या पात्रानेच आग सोसायची असते. पात्र कोणत्या कोनात पडले तर सर्वाधिक नुकसान होईल हे शोधून त्याच कोनात ते टाकावे लागते. एवढे झाल्यावर मीटरभर अंतरावरचा मात्रादर तासाला १० मिलिसीव्हर्टच्या आत हवा आणि आठवड्याभरातली गळती ए-२ पेक्षा जास्त नको.

नऊ मीटरची उंची अनेकांना कमी वाटते. तिथून पडताना वेग ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास भरतो, महामार्गावरचे ट्रक तर याहून वेगाने धावतात. पण चाचणीतला पृष्ठभाग तसूभरही दबत नाही, त्यामुळे आघाताची सगळी ऊर्जा पात्रालाच सोसावी लागते. खऱ्या अपघातात ती माती, कठडा, समोरचे वाहन यांतही वाटली जाते. १७ जुलै १९८४ रोजी ब्रिटनमध्ये ओल्ड डाल्बी येथे इंधनाच्या पात्रावर ताशी सुमारे १६० किलोमीटर वेगाने रेल्वे इंजिन धडकवून लोकांना हेच दाखवले गेले. इंजिनाचा चुराडा झाला, पात्रातला दाब मात्र नगण्य उतरला.

चाचण्यांची यादीही वाढत गेली. हलक्या पेट्या पडून फुटत नाहीत, पण अवजड वस्तूखाली चिरडू शकतात, हे ध्यानात घेऊन १९८५ मध्ये नऊ मीटरवरून ५०० किलोचे वजन अंगावर टाकण्याची चाचणी आली. वापरलेल्या अणुइंधनाच्या पात्रांसाठी २०० मीटर खोल पाण्याच्या दाबाची अट त्याच सुमारास आली आणि १९९६ मध्ये ती फार मोठी सक्रियता असलेल्या इतर मालालाही लागू झाली.

पात्राच्या आत काय आहे हे ज्यांना ठाऊक नसते, त्यांच्यासाठी लेबल असते. तीन पानांचे किरणोत्सारचिन्ह आणि लाल उभे पट्टे: एक, दोन किंवा तीन. पांढऱ्या लेबलाच्या पेटीच्या पृष्ठभागावर तासाला ०.००५ मिलिसीव्हर्टपेक्षा जास्त मात्रादर चालत नाही. दोन पट्ट्यांच्या पिवळ्या लेबलाला ०.५, तीन पट्ट्यांच्या लेबलाला २. पिवळ्या लेबलावर वाहतूक निर्देशांक लिहितात. मीटरभर अंतरावर तासाला ०.०३ मिलिसीव्हर्ट भरले, तर त्याला शंभराने गुणून निर्देशांक येतो ३. एका वाहनात अशा किती पेट्या ठेवायच्या, माणसांपासून किती दूर ठेवायच्या, हे या निर्देशांकाच्या बेरजेवरून ठरते. विखंडनक्षम, म्हणजे ज्याची अणुकेंद्रे फुटू शकतात असा, माल एकत्र आल्याने शृंखला-अभिक्रिया सुरू होण्याचा धोकाही पूर्वी याच आकड्यात गुंफलेला असे. किरणांचा त्रास आणि शृंखला-अभिक्रियेचा धोका या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एकाच आकड्यात बसवल्या की दोन्ही अस्पष्ट होतात. १९९६ च्या आवृत्तीने दुसऱ्या धोक्यासाठी स्वतंत्र निर्देशांक दिला, हे फार बरे झाले.

१९९६ ची आवृत्ती एकूणच मोठ्या फेरबदलांची होती. त्याआधी दर ग्रॅमला ७० बेकरेल ही एकच रेषा होती. तिच्याखालचा पदार्थ नियमांबाहेर, मग तो कोणताही असो. आता प्रत्येक समस्थानिकासाठी वेगळी मर्यादा आली. कोबाल्ट-६० साठी ती दर ग्रॅमला १० बेकरेल आहे, तर ट्रिटियमसाठी दहा लाख. वाहतूकदारांसाठी किरणसंरक्षण कार्यक्रम बंधनकारक झाला. मोठ्या सक्रियतेचा माल विमानाने नेण्यासाठी सी-प्रकारचे पात्र आले: सेकंदाला ९० मीटर वेगाने आघात आणि तासभर आग. विमान कोसळण्याच्या मानाने हा वेग अपुरा आहे, अशी टीका तेव्हापासून होत आली आहे. अमेरिकेत प्लुटोनियमच्या हवाई वाहतुकीसाठी आधीपासून सेकंदाला १२९ मीटरची अट असल्याने त्या टीकेला आधारही मिळतो.

याच आवृत्तीत युरेनियम हेक्झाफ्लोराइड या, अणुइंधन बनवताना लागणाऱ्या संयुगासाठी वेगळ्या अटी घातल्या गेल्या. २५ ऑगस्ट १९८४ रोजी माँ-लुई हे फ्रेंच मालवाहू जहाज बेल्जियमच्या किनाऱ्याजवळ एका फेरीबोटीशी टक्कर होऊन बुडाले. त्यावर हेक्झाफ्लोराइडची ३० भरलेली सिलिंडरे होती. अनेक आठवड्यांच्या प्रयत्नांनंतर ती सगळी बाहेर काढण्यात आली. या संयुगाचा किरणोत्सार सौम्य असतो. पाण्याशी संयोग होऊन त्यातून निघणारे हायड्रोजन फ्लोराइड मात्र जीवघेणे असते. केवळ सक्रियतेच्या आकड्यांवर उभ्या असलेल्या नियमांतून हा रासायनिक धोका निसटत होता.

२०१८ च्या आवृत्तीत काही नव्या समस्थानिकांची मूल्ये आली. त्यांतले टर्बियम-१६१ कर्करोगावरील उपचारांच्या संशोधनामुळे महत्त्वाचे ठरले आहे. दुसरा बदल अवाढव्य वस्तूंबद्दल. अणुवीज केंद्रातले जुने वाफजनित्र आतून हलके दूषित असते, पण कोणत्याही पेटीत मावत नाही. कॅनडातून अशी १६ जनित्रे पुनर्वापरासाठी स्वीडनला नेण्याच्या योजनेला २०११ मध्ये परवाना मिळाला होता. विरोध इतका झाला की ती बारगळली. अशा वस्तूंसाठी दर वेळी 'विशेष व्यवस्था' म्हणून परवानगी घ्यावी लागे. आता पृष्ठभाग-दूषित वस्तूंचा तिसरा गट करून त्यांच्या अटी लेखी ठरवल्या आहेत. तिसरा बदल जुनेपणाचा. वापरलेले इंधन ज्या पात्रात दशकानुदशके साठवायचे, त्याच पात्रातून पुढे ते हलवायचे, अशी पद्धत रूढ होत आहे. चाळीस वर्षांनी रबरी सील, बोल्ट आणि न्यूट्रॉन शोषणारे थर कसे असतील, याचा विचार रचनेच्या वेळीच करणे आता आवश्यक आहे.

आयएईएची नियमावली स्वतःहून कोणत्याही देशाला बांधत नाही. तिच्यातल्या तरतुदी आधी संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाविषयीच्या नमुना-नियमांत सातव्या वर्गाखाली जातात, तिथून समुद्र, हवाई आणि रस्ते वाहतुकीच्या संहितांमध्ये आणि शेवटी देशोदेशींच्या कायद्यांत. २०१८ चे बदल नमुना-नियमांत २०१९ मध्ये आले आणि वाहतूक-संहितांमध्ये २०२१ मध्ये. त्या अवधीत माल एका देशातून जुन्या नियमांनी निघून दुसऱ्या देशात नव्या नियमांना सामोरा जाऊ शकतो, म्हणून संक्रमणकाळाच्या तरतुदी लागतात. जुन्या आवृत्तीनुसार मंजूर झालेली पात्रे अटींवर वापरता येतात, पण त्याच नमुन्याची नवी बनवता येत नाहीत. अमेरिकेने २००४ मध्ये नियम सुधारताना १९६७ च्या आवृत्तीवर बेतलेली पात्रे चार वर्षांत बाद केली.

नियम असूनही काय घडू शकते, हे २०२३ च्या जानेवारीत पश्चिम ऑस्ट्रेलियात दिसले. एका खाणीतून पर्थकडे निघालेल्या मापकयंत्रातली सीझियम-१३७ ची कुपी सुमारे १,४०० किलोमीटरच्या प्रवासात हरवली. सहा मिलिमीटर व्यास, आठ मिलिमीटर लांबी, सक्रियता १९ गिगाबेकरेल, म्हणजे ०.०१९ टेराबेकरेल. ए-१ मूल्याच्या शंभराव्या हिश्शाहूनही ती कमी होती. तरी तिच्यापासून मीटरभर अंतरावर तासाभरात मिळणारी मात्रा सामान्य नागरिकाच्या १ मिलिसीव्हर्ट या वार्षिक मर्यादेहून अधिक भरत होती. प्रवासातल्या हादऱ्यांनी बोल्ट निसटला आणि त्या भोकातून कुपी खाली पडली, असे मानले गेले. १ फेब्रुवारीला न्यूमनजवळ रस्त्याच्या कडेला ती सापडली. शोधणारी गाडी ताशी ७० किलोमीटर वेगाने जात असताना तिच्यावरच्या उपकरणांनी ती टिपली होती. कंपनांनी नट-बोल्ट सैल होऊ नयेत, ही अट नियमावलीत कित्येक वर्षांपासून आहे. तेव्हा उणीव नव्या नियमाची नव्हती, तपासणीची होती. आणि तिथल्या कायद्यात कमाल दंड होता १,००० डॉलर. एवढ्या किरकोळ दंडाचा धाक कोणाला वाटणार?

चोरी आणि घातपात यांपासूनचे संरक्षण हा वेगळा प्रवाह आहे. अणुद्रव्याच्या प्रत्यक्ष संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारात २००५ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती ८ मे २०१६ रोजी अमलात आली. सुरक्षिततेला लेबल ठळक हवे असते, संरक्षणाला मार्ग आणि वेळ गुप्त हवी असते. नियम करताना या दोहोंचा मेळ घालावा लागतो.

उलट्या बाजूची अडचणही तितकीच खरी आहे. नियम पाळूनही काही जहाज कंपन्या, विमान कंपन्या आणि बंदरे हा माल घेतच नाहीत. निदानासाठीचे टेक्नेशियम ज्यातून मिळते त्या मॉलिब्डेनम-९९ चा अर्धायुकाल, म्हणजे निम्मा माल विघटन पावायला लागणारा वेळ, ६६ तासांचा. एक दिवस उशीर झाला तर जवळजवळ २२ टक्के माल वाटेतच संपतो आणि तेवढ्या तपासण्या रद्द होतात. म्हणून प्रत्येक नव्या अटीने धोका खरोखर किती कमी होतो, हे तपासूनच ती घालायला हवी. केवळ भीतीपोटी वाढवलेल्या कागदपत्रांची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

सध्याचा सर्वांत अवघड प्रश्न हलवता येणाऱ्या अणुभट्ट्यांचा आहे. रशियाची 'अकादेमिक लोमोनोसोव्ह' ही तरंगती अणुवीज केंद्राची नौका २०१९ मध्ये इंधन भरलेल्या स्थितीत मुर्मान्स्कहून पेवेकला ओढत नेली गेली. कारखान्यातच इंधन भरून ट्रकने किंवा जहाजाने पाठवायच्या लघु अणुभट्ट्यांचे आराखडेही तयार होत आहेत. अशा वेळी पेटी आणि माल वेगळे राहत नाहीत. अख्खी भट्टी नऊ मीटरवरून टाकून पाहणे बहुधा शक्य नसते. त्यामुळे ठरावीक चाचण्यांऐवजी मार्ग, वेग, हवामान आणि अपघाताची संभाव्यता यांवर आधारलेली मंजुरीची पद्धत अमेरिकेत पुढे आली आहे. ती मान्य झाली तर सुरक्षिततेचा काही भार पॅकेजवरून मार्गावर आणि तो मार्ग सांभाळणाऱ्या माणसांवर येईल. एसएसआर-६ च्या पुढच्या आवृत्तीपुढचा हा कळीचा प्रश्न आहे.