'मेलेलेच होते' आणि 'पुढे कधीतरी मेले': 'लॉस्ट'च्या शेवटाचा घोळ

विमान कोसळून एका गूढ बेटावर अडकलेल्या प्रवाशांच्या 'लॉस्ट' या अमेरिकी मालिकेचं नाव निघालं की कुणीतरी हमखास म्हणतं, "हो हो, तीच ना ती? शेवटी कळतं की विमान पडलं तेव्हाच सगळे मेलेले होते." मालिका २३ मे २०१० ला संपली. तेव्हापासून हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, लोकलमध्ये ऐकलंय, आणि ज्या मावसभावाने मला ही मालिका बघायला लावली त्याच्याच तोंडून ऐकलंय. दर वेळी मी समोरच्याचा चहा गार होईपर्यंत समजावत बसतो. आता एकदाचं लिहूनच टाकतो. (शेवट फोडला म्हणून ओरडू नका. मुदत केव्हाच संपली.)

बेट तुम्हाला पाठ आहे असं धरून चालतो. ओशिॲनिक ८१५ हे पडलेलं विमान, सिडनीहून लॉस एंजेलिस, २२ सप्टेंबर २००४, बांबूच्या बनात नायक जॅकचा उघडणारा डोळा, माणसं मारणारा काळा धूर, जमिनीतलं हॅच, ४-८-१५-१६-२३-४२ हे गूढ आकडे. फ्लॅशबॅक म्हणजे बेटाआधीचं आयुष्य आणि फ्लॅशफॉरवर्ड म्हणजे काही जण बेटावरून सुटून घरी गेल्यानंतरचं, हेही माहीत असेल. तिसऱ्या सीझनच्या शेवटी दाढीवाल्या जॅकने एकदा सगळ्यांना चकवलं (फ्लॅशबॅक वाटला तो फ्लॅशफॉरवर्ड निघाला), त्यानंतर त्यात कुणी फसलेलं मी पाहिलेलं नाही.

फसतात ते तिसऱ्या प्रकारात, म्हणजे सहाव्या सीझनच्या फ्लॅशसाइडवेजमध्ये. तिथे विमान पडतच नाही. सगळे सुखरूप लॉस एंजेलिसला उतरतात आणि बेट समुद्राच्या तळाशी दिसतं. प्रवाशांपैकी सॉयर ठग असायचा तो पोलीस झालाय, बेटावरच्या जुन्या रहिवाशांचा म्होरक्या बेन शाळेत इतिहास शिकवतोय, जॅकला डेव्हिड नावाचा मुलगा आहे. आणि शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत चर्चमध्ये जॅकचा बाप, म्हणजे ज्याची शवपेटी घेऊन जॅक सिडनीहून निघाला होता तो ख्रिश्चन शेफर्ड, समोर उभा राहतो आणि त्याच्याशी बोलता बोलता जॅकला कळतं की आपणही मेलो आहोत.

झालं. इथे लोकांनी टीव्ही बंद केला आणि निष्कर्ष काढला.

आता व्याकरणाकडे बघा. 'सगळे मेलेले होते' आणि 'सगळे मेले' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्यात मरण गोष्टीच्या आधी घडून गेलंय, दुसऱ्यात ते गोष्टीच्या ओघात किंवा तिच्यानंतर येतं. ख्रिश्चन जे सांगतो ते दुसरं वाक्य आहे. जॅक चर्चमधल्या लोकांबद्दल विचारतो, तेव्हा बाप म्हणतो की प्रत्येक जण कधी ना कधी मरतोच, यातले काही तुझ्या आधी गेले, काही तुझ्यानंतर कितीतरी काळाने. आणि त्याआधीच त्याने सांगितलेलं असतं की तुझ्याबाबतीत जे जे घडलं ते सगळं खरं होतं. याहून सोपं काय सांगायचं? फळ्यावर खडूने लिहून द्यायचं का?

प्रवाशांपैकी बून पहिल्याच सीझनमध्ये मेला. चार्ली तिसऱ्याच्या शेवटी पाण्याखालच्या स्टेशनात बुडाला. सन आणि जिन हे नवरा-बायको सहाव्यात पाणबुडीत गेले. जॅक अगदी शेवटच्या एपिसोडमध्ये, त्याच बांबूच्या बनात, कुत्र्याला शेजारी घेऊन मरतो. आणि मरताना त्याला वरून जाणारं विमान दिसतं, ज्यात केट, सॉयर, क्लेअर बसलेत. ते जिवंत सुटले. पुढे किती वर्षं जगले, कशाने गेले, मालिका सांगत नाही आणि सांगायची गरजही नाही. हर्ली हा प्रवासी बेटाचा रखवालदार झाला आणि बेन त्याच्या हाताखाली राहिला. चर्चबाहेर हे दोघं एकमेकांच्या त्या कामाला दाद देतात, त्यावरून कळतं की जॅकच्या मागे त्यांनी बराच काळ एकत्र काढला. म्हणजे साइडवेजमध्ये जमलेली माणसं एकाच दिवशी मेलेली नाहीत. प्रत्येक जण आपापल्या वेळी मेला आणि मग तिथे पोचला. तिथे 'आत्ता' असं काही नसतं, हेही ख्रिश्चनच सांगतो. म्हणून २००४ सालात गेलेला बून आणि जॅकनंतर केव्हातरी गेलेली केट एकाच बाकावर बसू शकतात.

'विमानातच मेले' म्हणणाऱ्यांना मी एक साधा प्रश्न विचारतो: चर्चमध्ये डेसमंडची प्रेयसी पेनी काय करतेय? ती त्या विमानात कधी नव्हतीच. डेसमंड बेटावर पोचला शिडाच्या बोटीने, अपघाताच्या तीन वर्षं आधी. डॉक्टर ज्युलिएट आली पाणबुडीतून. बेन तर लहान असतानाच बापाबरोबर बेटावर आला होता. विमान पडून मेलेल्यांचं हे परलोक असेल तर ही मंडळी कुणाच्या ओळखीने आत शिरली?

यावर उत्तर येतं की बेट म्हणजे परगेटरी, स्वर्गाआधी आत्म्यांची शुद्धी होते ती जागा. ही थिअरी पहिल्या सीझनपासून फिरत होती आणि लेखकांनी तेव्हाच ती नाकारली होती. मालिकेनेही तिची मुद्दाम फिरकी घेतली. तिसऱ्या सीझनमध्ये लॉक या प्रवाशाचा बाप सॉयरला सांगतो की आपण नरकात आहोत. सहाव्यात बेटावरचा कधीच म्हातारा न होणारा रिचर्ड तेच म्हणतो, आणि पुढे त्याच एपिसोडमध्ये ते खोटं ठरतं. चौथ्यात समुद्रतळाशी सापडलेलं, प्रेतांनी भरलेलं विमानही बनावट निघतं. इतकं करूनही शेवटी चर्च दिसल्यावर २००४ मध्ये परगेटरी म्हणणारे सगळे "बघ, मी म्हणत होतो ना" करत उठले. त्यांना परलोक सापडला हे खरं. पण तो त्यांनी दाखवलेल्या ठिकाणी नव्हता. परलोक साइडवेजमध्ये होता, बेटावर नव्हता.

या घोळाला खतपाणी घातलं ते मालिका दाखवणाऱ्या एबीसी वाहिनीने. जॅकचा डोळा मिटतो, मालिकेचं नाव येतं, आणि मग श्रेयनामावलीखाली रिकाम्या किनाऱ्यावर पडलेले विमानाचे अवशेष. माणूस एकही नाही. साहजिकच लोकांना वाटलं की कुणी वाचलंच नव्हतं. ते जुनं चित्रीकरण होतं आणि शेवटानंतर थोडी उसंत द्यायची कल्पना वाहिनीची होती. भावुक झालेल्या प्रेक्षकाला लगेच बातम्यांत ढकलू नये एवढाच हेतू. वाहिनीला नंतर खुलासा करावा लागला की त्या दृश्यांचा कथेशी संबंध नाही. लेखक-निर्माते कार्लटन क्यूज यांनी २०१४ मध्येही जाहीरपणे पुन्हा सांगितलं की ते पहिल्यापासून मेलेले नव्हते. सहा वर्षं एकेक फ्रेम अडवून बघायची सवय लावलेल्या प्रेक्षकासमोर असली चित्रं टाकणाऱ्याला काय म्हणावं!

आता दुसऱ्या टोकाचे लोक. हे जरा अभ्यासू असतात. ते म्हणतात, साइडवेज म्हणजे समांतर विश्व. पाचव्या सीझनच्या शेवटी, १९७७ मध्ये, ज्युलिएटने हायड्रोजन बॉम्ब फोडला आणि काळाला फाटा फुटला. ही चूक मला माफ करावीशी वाटते, कारण लेखकांनीच ती करायला लावली. पांढरा झगझगीत उजेड आणि पुढच्या सीझनच्या सुरुवातीला न पडणारं विमान! वर मेलेल्या ज्युलिएटचा शेवटचा विचार, मेलेल्यांचे विचार ऐकू येणारा माइल्स थडग्यापाशी वाचतो: जमलं. बॉम्बचं काम जमलं असंच आपण समजतो. पण मरण्याआधी ती सॉयरशी कॉफीबद्दल, आपापले पैसे भरण्याबद्दल असंबद्ध पुटपुटत होती, ते आठवा. फिनालेमध्ये, म्हणजे शेवटच्या एपिसोडमध्ये, साइडवेजमधल्या हॉस्पिटलच्या व्हेंडिंग मशीनमध्ये सॉयरचं चॉकलेट अडकतं, ती मशीनचा प्लग काढून लावायला सांगते, चॉकलेट पडतं, आणि ती म्हणते 'जमलं'. मग तेच कॉफीचं बोलणं. मरता मरता तिचा एक पाय आधीच तिकडे पडला होता. बॉम्बने कुठलंही नवं जग घडवलं नाही.

माझा लाडका पुरावा मात्र जॅकचा गळा आहे. सहाव्या सीझनच्या पहिल्याच एपिसोडमध्ये, साइडवेजमधल्या विमानात, आरशासमोर त्याला मानेवर रक्त दिसतं आणि ते कुठून आलं ते कळत नाही. पुढे अपेंडिक्सचा व्रण दिसतो, त्याचंही ऑपरेशन त्याला आठवत नाही. अपेंडिक्स चौथ्या सीझनमध्ये बेटावर ज्युलिएटने काढलं होतं. आणि गळ्यावरची ती जखम फिनालेत, कड्यावरच्या मारामारीत, लॉकचं रूप घेतलेल्या माणसाच्या सुरीने होते. म्हणजे साइडवेजमधला जॅक बेटावरचं मरण अंगावर घेऊनच विमानात बसलाय. समांतर जगातल्या वेगळ्या जॅकला ही जखम कशी असेल?

गंमत म्हणजे हाच घोळ मालिकेत डेसमंडही घालतो. साइडवेजची झलक बघून आल्यावर तो जॅकला सांगतो की इथलं काही महत्त्वाचं नाही, बेटाच्या पोटातला तो उजेड विझला की आपण दुसऱ्याच जगात जाऊ आणि तिथे विमान पडलेलंच नसेल. जॅक त्याला ऐकवतो की घडलं ते घडलं, आडवाटा नसतात, आणि हे सगळं महत्त्वाचं आहे. डेसमंड खाली उतरून दगडी बूच काढतो आणि बघतो तर तो तिथेच, त्याच ओल्या विवरात. (ते बूच मला आजही न्हाणीघरातलं वाटतं. सहा सीझनचं रहस्य आणि शेवटी बूच!)

किरकोळ गोंधळ दोन. बेटावर ऐकू येणारी कुजबुज ही पुढे जाऊ न शकलेल्या आत्म्यांची आहे, हे त्यातलाच एक, मेलेला प्रवासी मायकेल, स्वतः सांगतो. त्यावरून बेटावरचे सगळेच भुतं ठरत नाहीत. ज्या वाड्यात भूत आहे त्यातले भाडेकरू जिवंत असू शकतात. आणि चर्चमधल्या रंगीत काचेवर ॐ आणि धर्मचक्र दिसलं म्हणून ही आपली पुनर्जन्माची गोष्ट असं अभिमानाने सांगणाऱ्यांनो, त्याच काचेवर क्रूस, चंद्रकोर, दाऊदचा तारा आणि यिन-यांगही आहे. बेटावर पूर्वी प्रयोग करणारे धर्मा इनिशिएटिव्हवाले नमस्ते म्हणायचे, त्याचाही इथे काही संबंध नाही.

शेवट आवडला नाही म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. साइडवेज लांबलेच आहेत. डेव्हिडच्या पियानोला दिलेला वेळ मायकेलच्या मुलाचं, वॉल्टचं, पुढे काय झालं याला द्यायला हवा होता. पण नावं ठेवायची तर जे दाखवलंय त्याला ठेवा. मेलेलेच होते म्हटलं की चार्लीचं बुडणं फुकट, पाणबुडीत सनचा हात धरून थांबलेला जिन फुकट, आणि जॅक बांबूत दुसऱ्यांदा मेला असा विनोद होतो.

मावसभावाला हे सगळं ऐकवल्यावर तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मग किनाऱ्यावरचं ते विमान?" म्हणून आता मी एवढंच सुचवतो: फिनाले पुन्हा बघाल तेव्हा जॅकचा डोळा मिटला की रिमोट उचला.