तिथीची पाऊणपट आणि सर्व्हरची किल्ली

भरती कधी येणार हे किनाऱ्यावरच्या जाणत्याला कोष्टक न बघता सांगता येतं. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पाणी भरणार. घाटावरून आलेल्या पाहुण्याला मात्र रोज पाऊण तासाने सरकणारी ही वेळ समुद्राची लहर वाटते. सर्व्हरच्या सुरक्षित जोडणीत आजवर जे मोठे घोटाळे झाले, त्यांतले बरेच या पाहुण्याच्या चुकीचे आहेत.

जोडणी सुरू होताना दोन्ही बाजूंना गुप्त किल्ली लागते आणि ती कुणाला ओळखता येऊ नये अशा आकड्यातून घडावी लागते. संगणक तर सांगितलेलंच करणारा. त्याला आधी बाहेरून थोडं ‘बी’ द्यावं लागतं, मग तो त्यावरून हवे तेवढे आकडे काढतो. बी ओळखलं की पुढचं सगळं झाड ओळखता येतं.

नेटस्केप ब्राउझरने हे बी दिवसाची वेळ आणि चालू प्रोग्रामचे दोन क्रमांक यांतून घेतलं होतं. १९९५च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाचे दोन विद्यार्थी, इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर, यांनी ते उघडकीला आणलं. किल्ली १२८ बिटांची, पण बी अंदाजाने काढता येण्याजोगं. पाऊणपटच ती!

लिनक्स या संगणक-प्रणालीत त्याच्या आदल्याच वर्षी, १९९४ साली, थिओडोर त्सो यांनी ‘डेव्ह रँडम’ची, म्हणजे मागितलं की बी पुरवणाऱ्या फाइलीची, सोय केली होती. कीबोर्डच्या दोन बटणांमधलं अंतर, माउसची हालचाल, डिस्कचं काम संपण्याची नेमकी वेळ, असं काहीबाही कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, गोळा करून घुसळत राहायचा. या अनिश्चिततेचा साठा पुरेसा नाही असं वाटलं की ‘डेव्ह रँडम’ थांबून राही. त्याचा भाऊ ‘डेव्ह यू-रँडम’ थांबत नसे. ज्या जुन्या युनिक्स प्रणालींत ही सोयच नव्हती, तिथे पर्ल भाषेत लिहिलेला ‘ईजीडी’ नावाचा प्रोग्राम यंत्राची आकडेवारी चाळून तेच काम करी. बी कुठून घ्यायचं हे अपाचे या वेब सर्व्हरला सांगणारी ओळ त्याच काळातली.

डेबियन या लिनक्सच्या एका अवताराची गोष्ट जास्त बोचरी आहे. तपासणीच्या साधनाने तक्रार केली म्हणून २००६ साली तिथल्या ओपनएसएसएलमधून, म्हणजे किल्ल्या बनवणाऱ्या कोडमधून, दोन ओळी काढल्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर घुसळणंच गेलं. बी म्हणून उरला फक्त प्रोग्रामचा क्रमांक, म्हणजे जास्तीत जास्त ३२,७६८ शक्यता. लुचियानो बेयो यांना हे सापडून १३ मे २००८ला जाहीर होईपर्यंत जगभर अशा किल्ल्या बनत होत्या. सगळं बाहेरून ठणठणीत दिसत होतं, म्हणून कुणाला शंकाही आली नाही.

२०१२ साली संशोधकांनी इंटरनेटवरच्या किल्ल्या गोळा करून एकमेकींशी ताडल्या, तर दोन मूळ संख्यांच्या गुणाकारातून बनणाऱ्या कितीतरी राउटरांच्या किल्ल्यांत एक मूळ संख्या सामाईक निघाली. दोन किल्ल्यांचा मसावि काढला की दोन्ही उघड्या! कारण साधं होतं. ना कीबोर्ड, ना माउस अशा डब्याने पहिल्यांदा चालू होताच, साठा भरायच्या आत किल्ली बनवली होती.

हे पहिलं मिनिट कोकणात फार वेळा येतं, कारण जूनमध्ये लाइट दिवसातून किती वेळा जाते याला हिशोब नाही. आमच्या रत्नागिरीच्या ऑफिसातला जुना सर्व्हर लाइट आली की उठायचा, पण सुरक्षित जोडणी काही मिनिटं द्यायचाच नाही. नेटवर्कच्या वायरी तपासून झाल्या, शिव्या देऊन झाल्या. शेवटी कुणीतरी कीबोर्ड जोडून चार बटणं बडवली आणि गाडी लगेच सुटली. बिचारा एन्ट्रॉपीची, म्हणजे त्या अनिश्चिततेच्या साठ्याची, वाट बघत बसला होता.

२०१९मध्ये असंच अडून बसणं पुन्हा दिसलं. लिनक्स ५.३ तयार होत असताना डिस्कचं वाचन कमी करणारी चांगली सुधारणा आली आणि काही यंत्रं सुरू होतानाच अडकली. डिस्कची खडखड कमी, म्हणून साठाही कमी. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी ती सुधारणा तात्पुरती मागे घेतली. ५.४पासून कर्नल प्रोसेसरच्याच वेळेतल्या बारीक चढउतारांतून बी काढू लागला. मार्च २०२०च्या ५.६नंतर साठा एकदा भरला की ‘डेव्ह रँडम’ पुन्हा अडत नाही.

आमचा नवा सर्व्हर लाइट आली की मुकाट्याने सुरू होतो. तो कीबोर्ड मात्र अजून कपाटावर आहे, खारी हवा खाऊन त्याची निम्मी बटणं दाबत नाहीत.