सरनौबत

मध्ययुगीन दख्खनमधील एक लष्करी अधिकारपद. शिवकालात सैन्याच्या सर्वोच्च सेनानीस ही संज्ञा होती. कागदोपत्री ‘सरनोबत’ असेही रूप आढळते.

मूळ फार्सी शब्द ‘सर-इ-नौबत’. ‘सर’ म्हणजे प्रमुख, याविषयी वाद नाही. ‘नौबत’चे मात्र दोन अर्थ लावले जातात. एका मतानुसार नौबत म्हणजे नगारा, आणि सरनौबत म्हणजे नौबतीचा मान असलेला सरदार. दुसऱ्या मतानुसार नौबत म्हणजे पाळी, पहारा. मूळ अरबी शब्दाचा अर्थ पाळी असाच आहे. नगारा ठरावीक प्रहरी वाजे म्हणून त्यालाही पुढे तेच नाव मिळाले. बहमनी सुलतान पहिला मुहम्मदशाह (कार. १३५८–७५) याच्या शरीररक्षकांची पाळ्यांनुसार विभागणी होती आणि त्यांच्यावरील अधिकाऱ्यांना ही संज्ञा होती, असे फार्सी इतिहासकार फिरिश्ताच्या वृत्तान्तावरून दिसते. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. पहाऱ्याच्या नायकापासून सेनापतीपर्यंत अर्थाचा विस्तार बहुधा दख्खनी सुलतानशाह्यांतच झाला असावा.

शिवकालीन रचनेचे तपशील मुख्यतः कृष्णाजी अनंत सभासद याने लिहिलेल्या सभासद बखरीत (सु. १६९७) मिळतात. पागेत, म्हणजे सरकारी घोडदळात, पंचवीस बारगिरांवर (सरकारी घोड्यावरील स्वारांवर) हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमलेदारांवर हजारी, पाच हजारींवर पंचहजारी आणि सर्वांवर सरनौबत. जुमलेदारास ५०० होन (सोन्याची नाणी), हजारीस १,००० होन अशी तैनात, म्हणजे वेतन, होते. पायदळाचा सरनौबत वेगळा असे. येसाजी कंक हे त्या पदावर होते. शिवाय प्रत्येक किल्ल्यावर हवालदार व सबनीस (दप्तर सांभाळणारा अधिकारी) यांच्या बरोबरीचा एक सरनौबत नेमला जाई. केवळ पदनामावरून एखाद्या व्यक्तीस सरसेनापती ठरवण्याची चूक यामुळेच घडते. कागद गडाचा की लष्कराचा, हे आधी पाहावे लागते.

घोडदळाच्या आरंभीच्या सरनौबतांत तुकोजी चोर व माणकोजी दहातोंडे ही नावे येतात. त्यांचा काळ नेमका ठरवता येत नाही. त्यानंतर नेताजी पालकर आले. १६६६च्या सुरुवातीस पन्हाळ्याच्या अपयशानंतर ते पदावरून दूर झाले. कुडतोजी गुजर यांना ‘प्रतापराव’ हा किताब मिळाला. फेब्रुवारी १६७४मध्ये नेसरी येथे ते धारातीर्थी पडले. मग हंसाजी मोहिते ‘हंबीरराव’ झाले (मृ. वाई, १६८७). पालकर, गुजर, मोहिते या तिघांची आडनावे वेगळी आहेत, ही गोष्ट महत्त्वाची आहे: हे पद तेव्हा वतन, म्हणजे वंशपरंपरागत हक्क, नव्हते.

राज्याभिषेकाच्या वेळी (६ जून १६७४) फार्सी पदनामांना संस्कृत पर्याय योजले गेले आणि सरनौबताचा ‘सेनापती’ झाला. तरी जुना शब्द सुटला नाही. दोन दशकांनी लिहिणारा सभासदही तो सर्रास वापरतो. शाहूंच्या काळात सेनापतिपद तळेगावच्या दाभाडे घराण्यात वंशपरंपरेने चालले. १७३१मध्ये डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पेशव्यांविरुद्ध लढताना मारले गेले आणि पदाचे खरे सामर्थ्य ओसरले. हा शब्द आज सरनोबत या आडनावात आणि कोल्हापूरजवळील सरनोबतवाडी या ग्रामनामात टिकून आहे.