गारांस : रंगाच्या मुळाचं मुलीचं नाव कसं झालं

फ्रान्सची राष्ट्रीय सांख्यिकी संस्था 'इन्से' देशात जन्मलेल्या बाळांच्या नावांची वर्षवार आकडेवारी देते. ही यादी १९०० सालापासून आहे. एखादं नाव त्या वर्षी तीनपेक्षा कमी बाळांना ठेवलं गेलं असेल, तर ते स्वतंत्र छापत नाहीत, 'दुर्मीळ नावं' या एकाच खात्यात जमा करतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात 'गारांस' हे मुलीचं नाव या यादीत जवळजवळ सापडतच नाही. आज मात्र दरवर्षी काहीशे मुलींचं नाव गारांस ठेवलं जातं. हे नाव घराघरांत पोचलेलं नाही, पण ऐकून कुणी दचकतही नाही. या बदलामागे रसायनशास्त्र आहे, एक चित्रपट आहे आणि एक कायदा आहे. मला यातलं रसायनशास्त्र सर्वांत महत्त्वाचं वाटतं, आणि नावांवरच्या लेखनात नेमकं तेच बाजूला राहतं.

गारांस ही एक वनस्पती आहे. तिचं शास्त्रीय नाव रुबिया टिंक्टोरम. आपल्याकडे सह्याद्रीत झुडपांवर चढणारी आणि काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी मंजिष्ठा म्हणजे रुबिया कॉर्डिफोलिया, तिची सख्खी बहीण. दोघी कॉफीच्या कुळातल्या. गारांसचं खोड चौकोनी आणि खरखरीत असतं. त्याच्यावर उलट्या दिशेने वळलेले बारीक काटे असतात, त्यांच्या आधाराने ती शेजारच्या झाडांवर रेलते. पानं खोडाभोवती चक्रासारखी येतात. फुलं अगदी बारीक, पिवळसर हिरवी, सहज नजरेतून सुटावीत अशी. सगळं धन जमिनीखाली, मुळात. लागवडीनंतर साधारण तीन वर्षांनी मुळं खणून काढतात, वाळवतात आणि कुटतात.

मुळातला मुख्य रंग अलिझारिन. जिवंत मुळात तो साखरेच्या रेणूंना जोडलेला असतो. मुळं वाळवताना आणि कुटताना ती साखर सुटते आणि अलिझारिन मोकळं होतं. पण नुसत्या त्याच्या पाण्यात लोकर बुडवली तर रंग फिका येतो आणि धुण्यात निघून जातो. लोकर आधी तुरटीच्या पाण्यात भिजवावी लागते. तुरटीतलं ॲल्युमिनियम एकीकडे धाग्याला धरतं आणि दुसरीकडे अलिझारिनला. ही पकड बसली की रंग पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. तुरटीऐवजी लोहाचा क्षार वापरला तर तेच मूळ जांभळट काळा रंग देतं. भांडं उकळू द्यायचं नसतं, पाणी फार तापलं तर मुळातले तपकिरी घटक उतरतात आणि लाल मळतो. चुन्याचा अंश असलेलं पाणी मात्र लाल खुलवतं. दक्षिण फ्रान्समधल्या आव्हिन्यों शहराजवळच्या पाणथळ, चुनखडीच्या जमिनीतलं गारांस सर्वांत उत्तम मानलं जायचं, यामागे हेच कारण आहे.

कॅल्शियमशीही अलिझारिनचं असंच जमतं. १७३६ साली लंडनचा शल्यविशारद जॉन बेल्चियर याने नोंदवलं, की या मुळाचा अंश असलेलं खाद्य खाणाऱ्या डुकरांची हाडं लाल होतात. त्यानंतर फ्रान्समध्ये द्युआमेल द्यू मोंसो याने प्राण्यांना काही दिवस हे मूळ खाऊ घातलं, काही दिवस बंद केलं, पुन्हा सुरू केलं. हाड कापून पाहिलं तर लाल आणि पांढरे थर एकाआड एक दिसले. हाड बाहेरच्या बाजूने थराथराने जाड होतं, हे असं डोळ्यांना दिसलं. आजही प्रयोगशाळेत हाडांतलं कॅल्शियम दाखवायला 'अलिझारिन रेड एस' वापरतात. इतकी सुंदर गोष्ट सांगायची संधी मला सोडवत नाही.

आता शब्दाकडे वळू. सन ८००च्या सुमारास फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याच्या राजवटीत शाही जहागिरींच्या कारभारासाठी एक लॅटिन आज्ञापत्र निघालं. बायकांच्या विणकामशाळांना काय काय पुरवायचं, याच्या त्यातल्या यादीत जवसाचे धागे, लोकर, निळीची वनस्पती यांच्याबरोबर 'वारेंतिया' आहे. त्यावरूनच पुढे गारांस झालं. मधली हजार वर्षं हा शब्द शेतकऱ्याचा, रंगाऱ्याचा आणि व्यापाऱ्याचा होता. अठराव्या शतकात इराणातून आलेल्या ज्यां आल्थें या आर्मेनियन माणसाने आव्हिन्योंच्या परिसरात ही लागवड रुजवली. तिथल्या आल्थें-दे-पाल्यू या गावाला त्याचंच नाव आहे. १८२९ साली फ्रेंच पायदळाला गारांसच्या लाल रंगाची विजार मिळाली, आणि हा शब्द आता थेट सैनिकाच्या अंगावर गेला.

मग १८६८ साल उजाडलं. बर्लिनमध्ये कार्ल ग्रेबे आणि कार्ल लीबरमान यांनी जस्ताच्या भुकटीबरोबर अलिझारिन तापवलं, तेव्हा हाती ॲन्थ्रासीन आलं. ॲन्थ्रासीन दगडी कोळशाच्या डांबरात असतं. म्हणजे उलट वाटेने डांबरातून अलिझारिन बनवता यायला हवं, आणि त्यांनी ते बनवलंही. वनस्पतीतला रंग हुबेहूब कारखान्यात तयार होण्याची ही पहिलीच वेळ. पुढच्या वर्षी 'बीएएसएफ' या जर्मन रंगकंपनीबरोबर त्यांनी लंडनमध्ये पेटंटचा अर्ज केला, आणि दुसऱ्याच दिवशी इंग्रज रसायनशास्त्रज्ञ विल्यम पर्किनचा अर्ज आला. आव्हिन्योंमध्ये कीटकशास्त्रज्ञ ज्यां-आंरी फाब्र गारांसच्या मुळातून शुद्ध रंग काढायची रीत कित्येक वर्षं घोटत होता. शिक्षकाच्या तुटपुंज्या पगारातून सुटका व्हावी, ही त्याची आशा. कृत्रिम अलिझारिनने ती आशा संपवली. एकदोन दशकांत शेतं ओस पडली. फ्रेंच सैनिकांच्या लाल विजारीचा रंगही जर्मन कारखान्यांतून येऊ लागला. १९१४ साली सैन्यासाठी निळ्या, पांढऱ्या आणि लाल धाग्यांचं मिश्र कापड ठरलं. युद्ध पेटलं, जर्मन रंग बंद झाला, लाल धागा वगळावा लागला, आणि उरलेल्या निळ्या-पांढऱ्यातून 'क्षितिजनिळा' गणवेश तयार झाला.

नावाचं कोडं इथे सुटतं, असं मला वाटतं. जोवर गारांस म्हणजे मातीतून उपसायचं मूळ आणि शिपायाची विजार होती, तोवर पोटच्या मुलीसाठी तो शब्द कुणाच्या मनात येणं अवघड होतं. शेतं गेली, विजारही गेली, आणि रोजच्या वापराचा भार शब्दावरून उतरला. मागे राहिला तो रंग आणि त्याचा गोड नाद.

१९४५ साली दिग्दर्शक मार्सेल कार्ने यांचा 'लेझ आंफां द्यू पारादी' हा चित्रपट आला. पटकथा कवी जाक प्रेव्हेर यांची. त्यात अभिनेत्री आर्लेतीने रंगवलेल्या नायिकेला सगळे गारांस म्हणतात. हे काही नाव नव्हे असं कुणी म्हटल्यावर ती सांगते, की हे एका फुलाचं नाव आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने त्या फुलाला कुणी विचारलंही नसतं, पण हे एक वाक्य लोकांच्या मनात बसलं. मुळाचं नाव फुलाचं झालं. आज फ्रान्समध्ये गारांस नावाबद्दल बोलताना हा चित्रपट निघतोच.

तरीही नाव लगेच पसरलं नाही, कारण कायदा आडवा होता. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातल्या दिनदर्शिकेत प्रत्येक दिवसाला संताऐवजी वनस्पती, प्राणी किंवा अवजार नेमून दिलं होतं, आणि ब्र्यूमेर महिन्याचा तेविसावा दिवस गारांसचा होता. १ एप्रिल १८०३च्या कायद्याने मात्र नावं दिनदर्शिकांतली किंवा प्राचीन इतिहासातल्या व्यक्तींचीच हवीत असं ठरवलं, आणि नोंदणी अधिकारी व्यवहारात बहुतेकदा संतांच्या यादीकडेच पाहत. गारांस नावाची संतीण नाही. १९६६च्या सरकारी सूचनेने पकड सैल केली आणि ८ जानेवारी १९९३च्या कायद्याने निवड पालकांवर सोपवली. नाव मुलाच्या हिताविरुद्ध वाटलं, तरच अधिकारी सरकारी वकिलाला कळवतो.

त्यानंतर गारांसची चढती कमान सुरू झाली. अभिनेत्री गारांस मारिलिये १९९८ची. फॅशनवर लिहिणाऱ्या गारांस दोरे यांनी तर टोपणनाव म्हणून हाच शब्द उचलला. शिकलेल्या, साहित्य-सिनेमाची आवड असलेल्या घरांत हे नाव आधी रुजलं. काप्यूसिन, प्र्यून अशी झाडाफळांची इतर नावंही याच सुमारास पालकांच्या ओठांवर आली. ज्यांना नावासाठी ठरावीक दिवस लागतो, अशी कुटुंबं ५ ऑक्टोबरला, संत फ्लरच्या दिवशी, गारांसला शुभेच्छा देतात.