श्निट्झल तेल कधी पितं?

‘तेल चांगलं तापलेलं असलं की पदार्थ तेल पीत नाही’ हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं, आणि जर्मन श्निट्झल करणारेही हेच सांगतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. पदार्थ सगळ्यात जास्त तेल पितो तो कढईत असताना नव्हे, बाहेर काढल्यावर. घरी हलकं श्निट्झल करायचं असेल तर आधी हे समजून घ्यायला हवं.

श्निट्झल म्हणजे ठोकून चार-पाच मिलिमीटर पातळ केलेला मांसाचा काप. तो आधी मैद्यात, मग फेटलेल्या अंड्यात आणि शेवटी शिळ्या पावाच्या चुऱ्यात घोळवून तळतात. ‘वीनर श्निट्झल’ हे नाव जर्मनीत आणि ऑस्ट्रियात फक्त वासराच्या मांसाचं असेल तरच देता येतं. घरात मात्र बहुधा पोर्क वापरतात. पाठीच्या किंवा मांडीच्या कापात मुळात चरबी कमी असते. पदार्थ जड होतो तो वरच्या कवचामुळे.

काप १७० अंशांच्या तेलात सोडला की कवचातलं पाणी उकळू लागतं. पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे सोळाशे पट जास्त जागा लागते, त्यामुळे ती चुऱ्यातल्या बारीक छिद्रांतून जोराने बाहेर पडते. कढईत दिसणारे बुडबुडे तिचेच. ते जोरात येत असतात तोवर आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असतो आणि तेलाला आत शिरणं अवघड जातं. तेल कोमट असेल तर वाफ मंद निघते, कवच धरायला वेळ लागतो. ऐकीव नियमातलं तथ्य ते एवढंच. संशोधकांनी बटाट्याच्या चकत्या तळताना तेलात रंग मिसळून हे तपासलं आहे. तळण संपता संपता घातलेला रंगही चकत्यांत भरपूर उतरला, म्हणजे बरंचसं तेल शेवटी, बाहेर काढल्यावरच आत शिरतं.

श्निट्झल बाहेर काढलं की सगळं उलटं होतं. कवच निवू लागतं, छिद्रांतल्या वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि आतला दाब कोसळतो. १०० अंशांना पाण्याचा बाष्पदाब, म्हणजे त्याच्या वाफेचा दाब, बाहेरच्या हवेच्या दाबाइतका असतो. ८० अंशांना तो निम्म्याहून कमी आणि ६० अंशांना जेमतेम एक पंचमांश. पृष्ठभागावर तेलाचा थर असतोच. बाहेरची हवा त्याला आत ढकलते. त्यात केशाकर्षणाची, म्हणजे बारीक छिद्रांनी द्रव आपसूक आत ओढून घेण्याची भर पडते, कारण छिद्र जितकं अरुंद तितकी ओढ जास्त. तेल मात्र निवताना दाट होतं आणि त्याची चाल मंदावते. आतली पोकळी, केशाकर्षण आणि तेलाचा दाटपणा यांच्या या रस्सीखेचीचा निकाल बराचसा पहिल्या काही मिनिटांतच लागतो.

म्हणून काप चिमट्याने उभा धरून कढईवरच निथळू द्या आणि वाफ निघत असतानाच दोन्ही बाजूंनी कागदाने टिपा. पाच मिनिटांनी टिपलात तर उशीर झालेला असतो, बरंचसं तेल आत गेलेलं असतं.

याहून हलकं हवं असेल तर ओव्हन. अडचण एवढीच की गरम हवा तेलापेक्षा खूपच सावकाश उष्णता देते. चुऱ्याला सोनेरी रंग आणणारी मायार अभिक्रिया (लुई कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ती १९१२ मध्ये मांडली) कोरड्या पृष्ठभागावर, साधारण १४० अंशांपुढे जोर धरते. तोवर आतलं पातळ मांस वातड होऊन जातं. म्हणून चुरा आधीच तव्यावर तेलात परतून सोनेरी करून घ्यायचा. चार कापांच्या चुऱ्याला दोन मोठे चमचे, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम तेल पुरतं; एका कापाच्या वाट्याला ७ ग्रॅम, साठ-पासष्ट कॅलरी.

इथे ‘लाइट’ ऑलिव्ह तेलाच्या बाटलीला भुलू नका. तो शब्द रंग आणि चवीपुरता आहे. कोणत्याही तेलाच्या एका ग्रॅममध्ये ९ कॅलरीच असतात. जर्मनीतल्या मराठी घरांत साजूक तुपाच्या जागी येणारं ‘बुटरश्माल्त्स’ही त्याला अपवाद नाही. आणि ‘तेलाविना तळणारा’ एअर फ्रायर तळत नाही, भाजतो. तो पंखा असलेला छोटा ओव्हनच आहे.

घोळवलेले काप जाळीवर ठेवा, म्हणजे खालची वाफ निघून जाईल आणि बूड ओलं राहणार नाही. ओव्हन २२० अंशांवर आधीच तापलेला हवा. मांसाच्या मध्यभागी ६३ अंश झाले की बाहेर काढा आणि तीन मिनिटं जाळीवरच राहू द्या. लिंबू ताटात वाढल्यावरच पिळा.