दीर्घकालीन ल्युकेमियातील गुणसूत्रदोष

ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कर्करोग. रक्तपेशी तयार होताना गुणसूत्रांचे (पेशीतील जनुके वाहणाऱ्या धाग्यांचे) तुकडे तुटणे, गळणे किंवा भलतीकडे जोडले जाणे म्हणजे त्यातील गुणसूत्रदोष. ते आयुष्यात मागाहून उद्भवतात. रुग्णाच्या मुलांत उतरत नाहीत.

सीएमएल (क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया) या प्रकारात ९ व २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या टोकांची अदलाबदल होते. आखूड झालेले २२वे गुणसूत्र १९६० मध्ये फिलाडेल्फियात दिसले. अदलाबदल अमेरिकी संशोधक जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये उलगडली. जोडावर तयार होणारा बीसीआर-एबीएल जनुक पेशींना वाढीचा हुकूम सतत देत राहतो. इमॅटिनिब हे औषध नेमका तोच हुकूम थांबवते. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी त्याच्या पेटंटचा दावा फेटाळला, म्हणून देशी कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या बाजारात टिकल्या.

रोगाच्या सुरुवातीच्या टप्प्यात इमॅटिनिब ४०० मिलिग्रॅम रोज एकदा, जेवणासोबत, पेलाभर पाण्याने. डोळ्यांभोवती सूज, पोटऱ्यांत वांब व मळमळ नेहमीची. नाशिककरांना द्राक्षांची धास्ती वाटते, पण वर्ज्य आहे ते ग्रेपफ्रूट, म्हणजे पपनसाचे भावंड, द्राक्षे चालतात. पांढऱ्या पेशी नॉर्मल झाल्या की गोळी सोडणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. खरा हिशेब पीसीआरचा, म्हणजे रक्तातील बीसीआर-एबीएलचे प्रमाण मोजणाऱ्या तपासणीचा: ते ३ महिन्यांत १० टक्के, ६ महिन्यांत १ टक्का आणि वर्षात ०.१ टक्का किंवा त्याखाली यावे. आकडा चढला तर आधी चुकलेल्या गोळ्या मोजाव्यात, मग म्युटेशन (जनुकातील नवा बदल) तपासावे. टी३१५आय नावाचे म्युटेशन निघाल्यास इमॅटिनिब, डॅसाटिनिब, निलोटिनिब ही तिन्ही औषधे निकामी ठरतात. पोनाटिनिब किंवा ॲसिमिनिब लागते.

सीएलएल (क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया) या दुसऱ्या प्रकारात पेशी सहसा विभागत नाहीत, म्हणून न विभागणाऱ्या पेशींतही चमकत्या खुणांनी दोष दाखवणारी फिश तपासणी उपयोगी पडते. फक्त १३क्यू (१३व्या गुणसूत्राच्या लांब भुजेचा तुकडा) गळालेले असेल तर रोग संथ चालतो. १७पी (१७व्याची आखूड भुजा) गळाल्यास बिघडलेल्या पेशीला मरण्याचा आदेश देणारा टीपी५३ जनुक जातो. मग केमोने डीएनए मोडला तरी पेशीला तो आदेश मिळत नाही. अशांना केमोऐवजी इब्रुटिनिब, ॲकॅलाब्रुटिनिब किंवा व्हेनेटोक्लॅक्स ही औषधे. व्हेनेटोक्लॅक्स २० मिलिग्रॅमपासून दर आठवड्याला ५०, १००, २०० करत ४०० पर्यंत न्यावे. घाई केल्यास एकदम मेलेल्या पेशींचा भार मूत्रपिंडांवर येतो. नवे दोष मागाहून येत असल्याने उपचार बदलण्यापूर्वी फिश पुन्हा करावी.

नाशिकहून नमुना मुंबई-पुण्याला पाठवायचा असेल तर कॅरिओटाइपसाठी (सर्व गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या तपासणीसाठी) हेपॅरिनची हिरव्या टोपणाची नळी, पीसीआरसाठी ईडीटीएची जांभळी. कॅरिओटाइपला जिवंत पेशी लागतात: नळी गोठवू नये, बर्फाला टेकवू नये आणि एप्रिल-मेच्या उन्हात गाडीत ठेवू नये.