आजारी किडनीतला दाब : कुत्रे, पांढरे उंदीर आणि एका गोळीची पार्श्वभूमी

जळगाव जामोदकडच्या आमच्या गावात 'किडनी' आणि 'क्रिएटिनिन' हे शब्द आता म्हाताऱ्याकोताऱ्यांच्याही तोंडात बसले आहेत. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. हापशीचं पाणी मचूळ, उन्हाळा कडक, आणि डायलिसिससाठी एसटीनं अकोल्याच्या वाऱ्या करणारं कुणी ना कुणी ओळखीचं असतंच. दोष पाण्याचा किती, उन्हाचा किती, साखरेचा आणि बीपीचा किती, ही चर्चा पारावर रोज चालते आणि ती चालायलाच हवी. या टिपणाचा विषय त्याच्या पुढचा आहे. किडनी एकदा बिघडली की तिच्या आत रक्ताचा प्रवाह आणि गाळणी कशी चालते, आणि हे माणसाला कळलं कसं?

निमित्त माझ्या मोठेबाबांचं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची गाळणी घटली की रक्तात चढणारं द्रव्य, 1.8 आलं, लघवीत प्रथिनं दिसली आणि डॉक्टरांनी टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी लिहून दिली. मोठेबाबांचा पहिला प्रश्न, "बीपी तं माह्यं बराबर हाये, मंग हे गोळी काहून?" पंधरा दिवसांनी पुन्हा तपासलं तर क्रिएटिनिन 2.1. त्यांनी कुणाला न विचारता गोळी बंद केली. प्रश्न रास्त होता आणि भीतीही रास्त होती. दोन्हींचं उत्तर मात्र प्रयोगशाळेतल्या प्राण्यांवर झालेल्या कित्येक दशकांच्या कामात आहे.

आधी रचना. दोन्ही किडन्या मिळून शरीराच्या वजनाच्या एक टक्काही भरत नाहीत, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. दिवसाला साधारण 180 लिटर द्रव त्या गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत रक्तात ओढून घेतात. प्रत्येक किडनीत सुमारे दहा लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉनच्या तोंडाशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा गुच्छ असतो, तो ग्लोमेरुलस. गाळणी होते ती इथं. शरीरात इतरत्र केशवाहिन्यांतून रक्त सरळ शिरेत उतरतं. इथं मात्र गुच्छात शिरणारी बारीक धमनी वेगळी आणि बाहेर पडणारीही बारीक धमनीच, आणि दोन्ही आकुंचन-प्रसरण पावू शकतात. ठिबकवाल्या शेतकऱ्याला हे लगेच कळेल : अलीकडे एक वॉल, पलीकडे एक वॉल, मधे जाळी. अलीकडचा उघडला किंवा पलीकडचा आवळला की जाळीवरचा दाब वाढतो.

लघवीतल्या प्रथिनांचा आणि किडनीच्या आजाराचा संबंध लंडनच्या गायज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइट यांनी 1827 मध्ये मांडला. लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवायची. प्रथिनं असली की ती गोठून पांढरी दिसतात. 1842 मध्ये विल्यम बोमन यांनी गुच्छाभोवतीची पिशवी नळीला जोडलेली असल्याचं दाखवलं, आणि त्याच सुमारास जर्मनीत कार्ल लुडविग यांनी ही गाळणी रक्ताच्या दाबानं होते असं सांगितलं. ते सिद्ध व्हायला ऐंशी वर्षं लागली. 1920 च्या दशकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात वेर्न आणि रिचर्ड्स यांनी केसाहून बारीक काचनळी बेडकाच्या एकेका गुच्छाच्या पिशवीत खुपसून आतला द्रव ओढून काढला. त्यात प्रथिनं नव्हती, म्हणजे ती खरोखरच गाळणी होती.

निरोगी किडनीचा पुढचा गुण कुत्र्यांवर नीट मोजला गेला. शिपली आणि स्टडी यांनी 1951 मध्ये दाखवलं की धमनीतला दाब साधारण 80 पासून 180 पर्यंत चढवला-उतरवला तरी किडनीतला रक्तप्रवाह जवळजवळ तसाच राहतो. दाब वाढला की अलीकडचा वॉल आपोआप आवळतो, उतरला की सैल होतो. यामागे दोन यंत्रणा आहेत. एक धमनीच्या भिंतीतल्या स्नायूची. ताण पडला की तो आकसतो, हे बेलिस यांनी 1902 मध्येच नोंदवलं होतं. दुसरी मला जास्त विलक्षण वाटते. नेफ्रॉनची नळी लांब वळसा घेऊन पुन्हा आपल्याच गुच्छाला येऊन टेकते, आणि त्या टेकल्या जागेतल्या पेशी नळीतून येणारं मीठ जोखतात. मीठ जास्त आलं म्हणजे गाळणी जास्त झाली, म्हणून त्या अलीकडचा वॉल आवळायला सांगतात. 1965 मध्ये थुराऊ आणि श्नेरमान यांनी उंदराच्या नळीत या जागेशी खारं पाणी सोडून हे पाहिलं. शेपटीनं डोक्याला निरोप द्यावा अशी ही व्यवस्था प्रत्येक नेफ्रॉनमध्ये स्वतंत्र आहे.

आता आजारी किडनी. पूर्वीची समजूत अशी की आजारात सगळेच नेफ्रॉन कमीजास्त मोडतात आणि किडनीचा कारभार बेशिस्त होतो. जीन ऑलिव्हर यांनी मृत रुग्णांच्या किडन्यांमधले नेफ्रॉन एकेक करून सोडवले. 1939 मध्ये त्यांनी जे मांडलं त्यात काही नेफ्रॉन वाळून गेलेले आणि काही नेहमीपेक्षा मोठे झालेले होते. मोठे झालेले नेफ्रॉन काम कसं करतात, हे मात्र मेलेल्या किडनीवरून कळत नाही.

ते नील ब्रिकर यांनी सेंट लुइसमध्ये कुत्र्यांवर तपासलं. त्यांच्या प्रयोगाची मांडणी मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत नेटकी वाटते. कुत्र्याच्या एकाच किडनीत आजार निर्माण करायचा, दुसरी निरोगी ठेवायची, आणि शस्त्रक्रियेनं मूत्राशयाचे दोन भाग करायचे, म्हणजे दोन्ही बाजूंची लघवी वेगवेगळी गोळा होते. रक्त तेच, खाणंपिणं तेच, फरक फक्त किडनीचा. आजारी बाजू गाळत होती कमी; पण जेवढं गाळत होती त्या मानानं नळ्यांचं काम निरोगी बाजूइतकंच चोख होतं. 1960 मध्ये ब्रिकर यांनी निष्कर्ष मांडला : आजारी किडनी म्हणजे मुख्यतः संख्येनं घटलेली, पण शिस्तीत चालणाऱ्या नेफ्रॉनची किडनी. पुढे त्यांनी निरोगी किडनी काढून टाकली. आता सगळा भार आजारी बाजूवर आला, आणि तिची गाळणी वाढली. 1964 मध्ये हे प्रसिद्ध झालं. ज्या किडनीला आपण निकामी समजत होतो तिच्यात अजून ताकद शिल्लक होती आणि गरज पडताच ती वापरली गेली. घरी बैल बाळगणाऱ्या माणसाला त्या कुत्र्यांबद्दल वाचताना गलबलून येतं. त्यांच्या वाट्याला जे आलं त्याची जाणीव ठेवूनच ही माहिती वापरावी, असं मला वाटतं.

ही ताकद वापरण्याची किंमत पांढऱ्या उंदरांत दिसली. 1932 मध्येच शॅन्युटिन आणि फेरिस यांनी उंदरांच्या किडनीचा मोठा भाग कापून काढला, तेव्हा उरलेला तुकडा निरोगी असूनही काही काळानं बिघडत गेला, बीपी चढलं आणि लघवीत प्रथिनं आली. आजार मुळात नव्हताच, मग उरलेली किडनी का मेली? याचं उत्तर मिळायला उंदरांची एक खास जात कामी आली. म्युनिक-विस्टर उंदरांत काही ग्लोमेरुलस किडनीच्या अगदी पृष्ठभागावर असतात, त्यामुळे सुई थेट टोचता येते. बॅरी ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी 1971 मध्ये गुच्छाच्या आतला दाब पहिल्यांदा असा मोजला. निरोगी उंदरात तो सुमारे 45 भरला. 1981 मध्ये होस्टेटर, ब्रेनर वगैरेंनी बहुतेक किडनी काढलेल्या उंदरांत मोजमाप केलं. उरलेल्या एकेका नेफ्रॉनची गाळणी दुपटीहून जास्त झाली होती आणि गुच्छातला दाबही वाढला होता. भिंती ताणून खराब होत होत्या. अन्नातली प्रथिनं कमी केली की हा ताण उतरत होता.

आमच्याकडे संत्र्याच्या बागेत हेच घडतं. खाऱ्या पाण्यानं अर्धे ड्रिपर चोंदले की उरलेल्या साध्या ड्रिपरमधून धार जास्त येते. दोन-चार दिवस बरं वाटतं, झाडाला पाणी भरपूर. मग एखादा ड्रिपर उडतो, नळी फाटते, आणि राहिलेल्यांवर आणखी दाब येतो. किडनीत याच चक्रानं आजार पुढे सरकतो, मूळ कारण थांबलं तरी. शिवाय उरलेल्या किडनीत तो आपोआप आवळणारा वॉलही सैलावतो. बिदानी आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये उंदरांत दाखवलं की अशा किडनीत बाहेरचं बीपी चढलं की रक्तप्रवाहही सोबत चढतो. निरोगी किडनी जो धक्का अंगणातच अडवते तो इथं थेट गुच्छापर्यंत पोचतो.

मग औषध. बाहेर पडणारी धमनी आवळून धरण्याचं काम मोठ्या प्रमाणात अँजिओटेन्सिन हे द्रव्य करतं. ते तयार होऊ न देणारं पहिलं तोंडावाटे घ्यायचं औषध, कॅप्टोप्रिल, ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषाच्या अभ्यासातून निघालं. घोणस चावून किडन्या बंद पडलेली माणसं आम्ही पाहिली आहेत, म्हणून हे वाचून मी थबकलो होतो. 1986 मध्ये ब्रेनर यांच्या गटानं किडनी कापलेल्या उंदरांचे गट केले. एकाला याच जातीचं एनालाप्रिल, दुसऱ्याला बीपीची जुनी तीन औषधं एकत्र. बीपी दोन्हीकडे सारखंच उतरलं, पण गुच्छातला दाब फक्त एनालाप्रिलनं उतरला आणि किडनीही तिथंच वाचली. 1993 मध्ये 409 मधुमेही रुग्णांवरच्या चाचणीत कॅप्टोप्रिलनं माणसांतही किडनीचा ऱ्हास मंदावला. 2001 मध्ये लोसार्टनसारख्या, तयार झालेल्या अँजिओटेन्सिनचं काम अडवणाऱ्या औषधांबद्दलही तेच दिसलं. टेल्मिसार्टन त्यांचंच भावंड.

मधुमेहासाठी निघालेल्या नव्या ग्लिफ्लोझिन गोळ्या मात्र अलीकडच्या वॉलवर काम करतात. मधुमेहात नळी साखरेसोबत मीठही वरच्या वर ओढून घेते, टेकल्या जागेला मीठ कमी पोचतं आणि वॉल उघडा राहतो. गोळी ती ओढ अडवते, मीठ खाली पोचतं, वॉल आवळतो. 2019 आणि 2020 च्या मोठ्या चाचण्यांत याचा फायदा दिसला, दुसरीत मधुमेह नसलेल्यांनाही.

उलटी बाजूही याच वॉलांवरून कळते. आजारी किडनीचा अलीकडचा वॉल उघडा ठेवायला प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं मदत करतात, आणि डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या नेमकी तीच बंद करतात. सोंगणीच्या दिवसांत अंग ठणकतं म्हणून मेडिकलमधून आणलेली गोळी, दिवसभराचा घाम, पाणी कमी, आणि वर टेल्मिसार्टन : अलीकडचा वॉल बंद, पलीकडचा उघडा. जाळीवर दाबच उरत नाही. जुलाब-उलट्यांत डॉक्टर टेल्मिसार्टन थांबवायला सांगतात ते याचसाठी.

मोठेबाबांना हे मी वावरात, ठिबकच्या वॉलजवळ बसून सांगितलं. त्यांनी काडीनं मातीत दोन रेघा ओढल्या, मधे गोल काढला आणि म्हणाले, "म्हंजे खालचा वॉल उघडला, म्हून धार कमी झाली. तेच ते दोन पॉइंट एक?" तेच. दाब उतरला की गाळणी सुरुवातीला थोडी घटते आणि क्रिएटिनिन तेवढं चढतं. तीस टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर सहसा चालवून घेतात, आणि त्यांची सतराच्या आसपास होती. दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो, गोळी पुन्हा सुरू झाली. पुढची तपासणी पोळ्याच्या आधी आहे. त्यात क्रिएटिनिनसोबत पोटॅशियमही बघायचं आहे, कारण या गोळीनं ते चढू शकतं.